विहीणबाईंचा कंगवा

फोनवर बोलताना माणसाने तोंडात काहीतरी घास ठेवावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. त्या संध्याकाळी माझ्या तोंडात घास असता, तर मी "आहे की" हे दोन शब्द बोललो नसतो, आणि माझ्या शरीराच्या ज्या भागाचं नाव चारचौघांत घेत नाहीत, त्याची चौकशी टूसॉन शहराच्या उत्तरेकडची निम्मी वस्ती आज करत नसती.

फोन होता ओफेलिया आर्विझू यांचा, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंचा. आमची एकुलती एक कोरीन आणि त्यांचा एफ्राईन यांचं लग्न ठरलं होतं (ठरवलं त्या दोघांनीच, आम्हाला फक्त कळवण्यात आलं), पण दोन्हीकडची मंडळी अजून एकमेकांना भेटली नव्हती.

"मिस्टर प्रूइट," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, आणि मी तर फोन कानाला चिकटवून बसलो होतो. "कोरीन सांगत होती, तुम्हाला सायकलचा भारी नाद आहे म्हणे?"

आता, माझ्याकडे डोंगरात चालवायची सायकल आहे हे खरं. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून एक सुस्कारा टाकला, त्या धसक्याने मी ती घेतली. महिन्याभरात डॉक्टर निवृत्त झाले आणि मी ती गॅरेजच्या छताला टांगली. नाताळच्या दिव्यांच्या माळा माझी बायको नदीन तिच्याच हँडलवर गुंडाळून ठेवते. सायकल इतकी वर्षं इतक्या उंचावर जपलेली पाहून पोरीचा बिचारीचा समज झाला असणार, की बापाचा जीव आहे तिच्यावर.

"आहे की," मी म्हणालो.

"मग हॉटेलात कशाला बसायचं? शनिवारी सकाळी सशाच्या फेरीवर भेटू, डोंगरातली सायकलची वाट आहे. साडेतीनच मैल. लहान पोरंसुद्धा करतात. नंतर जेवायला आमच्याकडे."

फोन ठेवला तेव्हा नदीन दारात उभी होती.

"तू? सायकल?"

"साडेतीन मैल तर आहे. आणि फेरी आहे, नदीन. फेरीत माणूस हरवत नाही. निघाला तिथेच परत येतो."

"निघाला तर," नदीन म्हणाली.

मी काऊंटीच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीमागे बसून कुत्र्यांचे परवाने देतो. आयोवा सोडून इथे आलो त्याला बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत मी वाळवंट फक्त काचेतून बघितलं आहे: कधी घराच्या, कधी गाडीच्या, बाकीचा वेळ खिडकीच्या. बसणं हा माझा धंदा आहे. त्यात माझा हात (म्हणजे हात नव्हे, पण असो) कुणी धरणार नाही. मी विहीणबाईंना उलट फोन करून काहीतरी थाप मारणारच होतो. गुडघा, पाठ, एखादा मेलेला मावसभाऊ. तेवढ्यात कोरीनचा फोन आला.

"बाबा, तू खरंच येतोयस?"

"का गं?"

"अरे, मी त्यांना सांगून ठेवलं होतं, माझे आईबाबा जरा बुजरे आहेत, मिसळायला वेळ लागेल. आणि तू पहिल्याच फोनला हो म्हणालास! एफ्राईनची आई इतकी खूश आहे ना!"

तिचा आवाज असा काही फुलला होता, की मी त्या मावसभावाला मनातल्या मनात पुन्हा जिवंत केलं आणि गॅरेजमध्ये शिडी लावली.

दुसऱ्या दिवशी सायकल दुकानात नेली. तिथल्या दोन वेण्यांच्या मुलीने सायकलवर टकटक केलं, टायर दाबले आणि विचारलं, "कुठली वाट करणार आहात?"

"सशाची फेरी," मी शक्य तितक्या बेफिकिरीने म्हणालो.

"अरे वा, छान. पाणी भरपूर घ्या. हेल्मेट घाला. आणि हो, कंगवा विसरू नका."

मी टोपी काढली. माझ्या डोक्यावर आयोवातून निघतानाच काही उरलं नव्हतं.

"कंगवा?"

"हो," ती माझ्या टकलाकडे नीट बघत म्हणाली. "मोठ्या दातांचा असला तर उत्तम."

आता मला सांगा, एखाद्या सभ्य माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा? मी तिरमिरीत बिल चुकतं केलं, समोर टांगलेली सायकलवाल्यांची काळी घट्ट चड्डी घेतली आणि बाहेर पडलो. घरी येऊन नदीनला सांगितलं. वाटलं होतं, ती माझ्या बाजूने चिडेल. तिला बसून हसावं लागलं.

चड्डीच्या आत एका बाजूला जाड गादी शिवलेली होती. मी बराच विचार केला. सायकलवरून माणूस पडतो तो पुढे पडतो, हे उघड आहे. तेव्हा गादी पुढे घ्यायची. मी ती तशी घातली आणि आरशात पाहिलं. दिसायला जरा कसंतरीच दिसत होतं, पण सुरक्षिततेपुढे मी दिसण्याची पर्वा करत नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही पायथ्याच्या मोकळ्या जागेत पोचलो. फेब्रुवारीतली गारवा असलेली स्वच्छ सकाळ होती. उंच सवारो निवडुंगं हात वर करून उभी होती. (त्यांना बहुधा पुढचं आधीच कळलं होतं.) विहीणबाई पिकअपमधून सायकली उतरवत होत्या. ठेंगण्या, भक्कम, केसांत पांढरी बट, आणि हात असा मिळवला की माझ्या बोटांची क्रमवारी बदलली. त्यांचे यजमान रामिरो हे अगदी कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून ते झाडाखालच्या बाकावर नदीनबरोबर कॉफी पीत बसणार होते. रामिरोंचा मला इतका हेवा वाटला की विचारू नका.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती. हिरवं वर्तुळ, म्हणजे सोपी वाट. खाली लिहिलं होतं: नवशिक्यांसाठी.

"तुमच्यासाठी हे अगदीच पोरकट होईल हो," विहीणबाई म्हणाल्या.

"कधीकधी हलकं काहीतरी करावं माणसाने," मी म्हणालो. नदीनने कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं.

कोरीन आणि एफ्राईन निघाले ते दोन वळणांत दिसेनासे झाले. लग्न ठरलेल्या माणसांना वडीलधारे मागे राहिलेलेच आवडतात. मी आणि विहीणबाई मागून निघालो. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिला अर्धा मैल मी खरोखर चालवली! सायकल डुगडुगत होती, हँडल स्वतःच्या मर्जीने वळत होतं, आणि गादी भलत्याच बाजूला असल्यामुळे सीट मला फार आतून ओळखू लागली होती. पण मी पडलो नाही. वाट लाल मातीची, हातभर रुंद, दोन्ही बाजूंना पिवळ्या रानफुलांची झुडपं. तितर पक्ष्यांची एक रांग लगबगीने आडवी गेली. मी मान वळवून विहीणबाईंना काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलणार, एवढ्यात मागून घंटी वाजली आणि कुणीतरी ओरडलं:

"डावीकडून!"

मागाहून कळलं, की याचा अर्थ "मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही आहात तिथेच राहा." सायकल चालवणाऱ्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं म्हणे. मी सरकारी नोकर. मला बावीस वर्षं कुणी मागून ओरडून दिशा सांगितली की त्या दिशेला जायची सवय. मी तत्परतेने डावीकडे वळलो.

"अहो, डावीकडून!" मागचा आवाज किंचाळला.

"वळतोय!" मी ओरडलो आणि आणखी डावीकडे वळलो.

ओरडणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. ते हरणासारखे माझ्या उजवीकडून निसटले. मी मात्र वाट सोडून, दोन फूट खाली, ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे निघालो. दोन्ही ब्रेक एकदम दाबले. सायकल जागच्या जागी थांबली, मी थांबलो नाही. पण माझं सगळं गणित चुकलं. मी पुढे पडलो नाही. हवेत कसा कोण जाणे अर्धा वळसा घेतला, आणि खाली बसलो.

चोया नावाचं एक निवडुंग आमच्याकडे सगळीकडे उगवतं. लांबून अस्वलाच्या पिल्लासारखं मऊ, लोभस दिसतं. ते माणसावर उडी मारतं असं इथले लोक म्हणतात. मी त्याला ती तसदी दिली नाही.

"हलू नका!" विहीणबाई सायकल टाकून धावत आल्या. "आणि हात लावू नका! काही झालं तरी हात लावू—"

मी हात लावला होता. चोयाचा एक गोळा माझ्या बैठकीला आणि माझा उजवा पंजा त्या गोळ्याला, असा आमचा तिघांचा एक संच तयार झाला. पहिल्या भेटीत विहिणीसमोर माणसाने बरंच काही करावं, पण स्वतःचा हात स्वतःच्या तिथे धरून उभं राहू नये.

"कंगवा द्या," विहीणबाई म्हणाल्या.

"अं?"

"कंगवा, कंगवा! चोया कंगव्यानेच निघतो. काट्याखाली घालायचा आणि झटका द्यायचा. दुकानात कुणी सांगितलं नाही?"

त्या क्षणी मी दोन वेण्यांच्या त्या पोरीची मनोमन क्षमा मागितली.

"माझ्याकडे... मी कंगवा वापरत नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हेल्मेटच्या कडेखाली डोकावून पाहिलं, समजून मान हलवली आणि स्वतःच्या पिशवीतून गुलाबी रंगाचा, मोठ्या दातांचा कंगवा काढला. पहिल्या झटक्यात हात सुटला.

"आता ओणवे व्हा."

"विहीणबाई, मी आपला असाच—"

"मिस्टर प्रूइट, मी एकतीस वर्षं बस चालवली. चाळीस चाळीस पोरं घेऊन वाळवंटात सहली नेल्या. मी न पाहिलेलं असं तुमच्याकडे काही नाही. ओणवे व्हा."

मी एका दगडावर दोन्ही हात टेकून ओणवा झालो. दुसरा झटका. तिसरा. मग त्यांनी छोटा चिमटा काढला आणि एकेक काटा उपटायला सुरुवात केली. मध्येच त्या थांबल्या.

"व्याही," त्या म्हणाल्या. (मिस्टर प्रूइटवरून मी व्याही झालो तो या आसनात, हे नमूद करतो.) "ही चड्डी तुम्ही उलटी घातलीय."

"गादी पुढे असते ना?"

"कशासाठी?"

 वाट रहदारीची होती. शनिवार असल्यामुळे जो तो थांबून विचारत होता: "मदत हवी का?" आणि विहीणबाई शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगत होत्या: "नको, नको! बसले चोयावर! व्याही आहेत माझे!" एक बाई पुढे जाऊन परत आल्या. त्यांनी वाकून माझा चेहरा निरखला.

"अय्या, तुम्ही तीन नंबरच्या खिडकीवाले ना? बरं झालं भेटलात! माझ्या कुत्र्याचा, बडीचा परवाना मार्चमध्ये संपतोय. रेबीजच्या लशीचा जुना दाखला चालेल का हो?"

"तीन वर्षांच्या आतला असेल तर चालेल," मी ओणव्यानेच म्हणालो. "मूळ प्रत आणा." कर्तव्य ते कर्तव्य.

बाई गेल्या. मागे एकदम शांत झालं. मला वाटलं, विहीणबाई रागावल्या. मुलाचा सासरा म्हणून काय ध्यान मिळालं, असा विचार करत असतील. मला कोरीनचा तो फुललेला आवाज आठवला आणि काट्यांपेक्षा तेच जास्त टोचलं.

"विहीणबाई," मी दगडाला सांगितलं, "खरं बोलू? मला सायकलचा नाद नाही. नऊ वर्षांत आज पहिल्यांदा बसलो. तुम्ही फोनवर इतक्या आपुलकीने विचारलंत, नाही म्हणवलं नाही. कोरीनला यातलं काही कळू देऊ नका."

 मी मान वळवून पाहिलं. बाई हसत होत्या, पण कशा? चिमटा हवेत, डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी तरी कुठे चालवते! ही सायकल माझ्या भाचीची. तुम्हाला नाद आहे असं कळलं म्हणून ठरवलं मी हे! आठवडाभर शाळेच्या मैदानावर सराव केला, दोनदा पडले. म्हटलं, आपण मोठमोठ्याने बोलणारी माणसं, तुम्ही आयोवाची शांत मंडळी. निदान सायकलच्या निमित्ताने तरी जमेल." डोळे पुसून त्यांनी चिमटा पुन्हा सरसावला. "मला तर हॉटेलातच बसायचं होतं हो!"

मग मीही हसलो. ओणव्याने हसू नये. काटे आत जातात.

चिमट्याने निघण्यासारखे होते ते सगळे निघाले. "दोन-चार बारीक मोडून राहिलेत," विहीणबाई म्हणाल्या, "ते आपणहून निघतील चार दिवसांत." माझा वरचा शर्ट कमरेला बांधून चाळणी झालेली बाजू झाकली. चढ होता तिथवर सायकली ढकलत नेल्या. तिथून उरलेली वाट उताराची होती आणि सीटवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. मी पायडलांवर उभा राहिलो, गुडघे वाकवले आणि सायकल सोडून दिली.

आणि काय सांगू तुम्हाला! उभं राहिल्याबरोबर सायकल सुतासारखी सरळ झाली. वाट डावीकडे वळली की आम्ही डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे. छोटा उंचवटा आला, पोटात गुदगुल्या झाल्या, उतरलो. पुन्हा उंचवटा. गार वारा कानांत, पिवळी झुडपं दोन्हीकडून सपासप मागे पळताहेत, आणि मागून विहीणबाई ओरडताहेत, "जा, व्याही, जा! ब्रेक नको!" चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मी इतका वेळ इतका आनंदाने उभा राहिलो नव्हतो. पायथ्याशी पोचलो तेव्हा वाटलं, संपली कशाला?

कोरीन आणि एफ्राईन वाट बघत उभे होते.

"बाबा!" कोरीनचे डोळे विस्फारले. "तू उभ्याने आलास?"

"सर, तुम्ही तर कसलेले निघालात," एफ्राईन म्हणाला. "उतारावर असंच उभं राहायचं असतं. मला शिकायला वर्ष लागलं!"

"सवय आहे त्यांना," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या आणि कंगवा पिशवीत खोल सरकवला. देव अशी विहीण सगळ्यांना देवो.

गोष्ट इथे संपवली असती, तर माझी थोडी इज्जत राहिली असती. पण जेवण बाकी होतं.

आर्विझूंच्या मागच्या अंगणात मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर गोमांस भाजत होतं, पुरणपोळीपेक्षा पातळ आणि सुपाएवढ्या तोर्तिया एकावर एक चढत होत्या, आणि काका, मामा, आत्या, चुलत भाऊ मिळून वीस-पंचवीस माणसं जमली होती. मधोमध आरामखुर्चीत एलविरा आजी, रामिरोंच्या आई. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या शेजारची खुर्ची माझी. लाकडी. गादी नसलेली.

"उभाच बरा आहे मी," मी हसून म्हणालो.

आजींनी मान हलवली. "पाहुणे उभे आणि आम्ही खायचं? आधी त्यांना बसवा."

सगळ्यांनी हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या. कुणी बसेना, कुणी खाईना.

"सासूबाई, ते सायकलवाले आहेत, त्यांना उभं राहायला आवडतं," विहीणबाईंनी मध्ये पडून पाहिलं.

"माझ्या अंगणात नाही," आजी म्हणाल्या.

पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. मांस गार होत होतं. माणसं मिसळतील की नाही, या काळजीने कोरीन ओठ चावत होती. नदीनने भुवया उंचावल्या. मुलीसाठी बाप काय काय करतो! मी खुर्चीचे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि बसलो.

ते दोन-चार बारीक तिथेच होते.

माझ्या तोंडून जे निघालं त्याला मी शब्द देऊ शकत नाही. सुरुवात खालच्या पट्टीत झाली, मध्येच ती चिरकून छपराच्या वर गेली आणि शेवटी "आय-याय-याय" करत खाली उतरली. शेजारचं कुत्रं (परवाना क्रमांक मला पाठ आहे) रडू लागलं. 

आणि आजींनी टाळी वाजवली.

"अस्सं!" त्या ओरडल्या. "याला म्हणतात मर्दाची आरोळी! कोण म्हणालं हा माणूस बुजरा आहे?"

मेक्सिकन घरांत आनंद मावेनासा झाला की अशी आरोळी ठोकतात, हे मला ठाऊक होतं. आपण ती ठोकली आहे, हे ठाऊक नव्हतं. रामिरोंनी, सकाळपासून चार शब्द न बोललेल्या माझ्या व्याह्यांनी, मान मागे टाकून तशीच उलट आरोळी दिली. मग काका, मग मामा, मग एफ्राईन. कुणीतरी अकॉर्डियन काढलं. कोरीन धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तू किती गोड आहेस! आधी कधीच कसा बोलला नाहीस असा?" तिच्या वजनाने मी खुर्चीत आणखी दाबला गेलो आणि दुसरी आरोळी दिली. ती पहिलीपेक्षा सरस झाली, असं सगळ्यांचं मत पडलं.

आता पंचाईत अशी, की एलविरा आजींनी हुकूम सोडला आहे: लग्नात नवरा-नवरी बाहेर आली, की पहिली आरोळी वधूपित्याची. मी रोज न्हाणीघरात सराव करतो. परवा शेजारी धावत विचारायला आले, पाय घसरला का. काल फोनवर विहीणबाईंना ऐकवून पाहिली. 

"नाही हो, व्याही. यात ती जान नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बिलकूल काळजी करू नका. लग्नाच्या दिवशी तुमच्या खुर्चीचं काय करायचं, ते मी बघते."

लग्न पुढच्या शनिवारी आहे. मी सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे, की मी उभा राहणार.